विळीच्या पाटावरचा व्हाइस: बेळगावात घडलेलं एक प्रकरण

फ्लाय बांधायच्या व्हाइसचं सगळं मोल त्याच्या जॉच्या, म्हणजे हूक पकडणाऱ्या जबड्याच्या, टोकाच्या तीन-चार मिलिमीटरमध्ये असतं. खांब, बैठक, हँडल, पॉलिश हे सगळं त्या टोकाच्या सोयीसाठी. मी बेळगावात टूलरूममध्ये नोकरी केली, जिग आणि फिक्स्चर करण्यात आयुष्य गेलं. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या एका लेथवर खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींसाठी असा व्हाइस घडला आणि तो घडताना बहुतेक अडचणी फिरून त्या टोकाशीच येऊन थांबल्या. माझं काम मधल्या माणसाचं होतं. गुरुजी सांगत ते कागदावर उतरवायचं, आणि लेथवाले मामा विचारत ते गुरुजींकडून काढून घ्यायचं.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फ्लाय म्हणजे हुकावर दोरा, पीस, लोकर, फोम बांधून केलेलं आमिष. पाण्यातला किडा, अळी, बेडूक, बारकी मासळी यांतलं काहीतरी माशाला वाटलं पाहिजे. ती इतकी हलकी असते की नेहमीच्या गळासारखी शिसं लावून फेकता येत नाही. जाड, वजनदार दोरीच्या जोरावर ती पुढं जाते. बांधताना हूक धरायला व्हाइस लागतो. जुने लोक हूक बोटांतच धरून बांधत, आजही कुणीकुणी बांधतात. पण दोन्ही हात मोकळे झाले की कामात जो नेमकेपणा येतो तो चिमटीत येत नाही.

पाणी, मासा आणि हूक

मलप्रभा आमच्या खानापूर तालुक्यातच, कणकुंबीला उगम पावते. म्हादईचीही सुरुवात याच तालुक्यातली, पण तिचा वरचा भाग भीमगड अभयारण्यात येतो. 2011 साली ते अभयारण्य जाहीर झालं, आणि तिथं गळ टाकायचा विचारसुद्धा करायचा नाही. गुरुजी जातात ते गावतळ्यांवर, आणि परवाना काढून घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या फुगवट्यावर. त्यांचे मासे दोनच: चिलापी आणि मरळ.

चिलापीचं तोंड लहान. ती तळाशी, काठाच्या दगडांवर चरते आणि बारीक अळीसारखी फ्लाय उचलते. तिला 12 किंवा 14 नंबरचा हूक लागतो. मरळ मात्र शेवाळात, कमळाच्या पानांखाली दबा धरून बसते, हवा घ्यायला वर येते आणि पाण्यावरून सरकणाऱ्या बेडकावर तुटून पडते. तिच्यासाठी 1/0, 2/0 असा दणकट हूक. (हुकाच्या नंबरांची ही गंमत नवख्याला गोंधळात टाकते: साध्या नंबरात आकडा वाढेल तसा हूक लहान, आणि 1 नंतर 1/0, 2/0 असं गेलं की आकड्यागणिक मोठा.) गुरुजी सगळ्या हुकांच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीनं दाबून सपाट करतात, म्हणजे मासा इजा न होता सोडता येतो. पावसाळ्यात मरळ आपल्या पिल्लांचा तांबूस घोळका राखत काठाशी फिरत असते, तेव्हा ते त्या तळ्यावर गळच टाकत नाहीत. मला त्यांची ही सवय फार मोलाची वाटते. राखणीला असलेली मरळ उचलली तर मागचा सगळा घोळका इतर माशांच्या तोंडी जातो.

व्हाइसच्या दृष्टीनं याचा अर्थ काय? 14 नंबरच्या हुकाची तार साधारण अर्ध्या मिलिमीटरची. 2/0 ची तार एक मिलिमीटरच्या वर. एकाच जॉनं दोन्ही धरायच्या आहेत. बारीक हूक धरताना जॉचं टोक इतकं निमुळतं हवं की हुकाच्या बाकापाशी बोटाला आणि दोऱ्याला जागा राहील. जाड हूक धरताना तेच टोक इतकं दणकट हवं की फोम आवळून बांधताना हूक तसूभरही हलू नये. निमुळतेपणा आणि दणकटपणा यांचं हे भांडण पुढं प्रत्येक पायरीवर येत राहिलं.

गुरुजींची अडचण

गुरुजींकडं एक व्हाइस आधीपासून होता. हजार-दीड हजारात मिळणारा, आपल्याच देशात बनून जगभर जाणारा साधा नमुना: गोल नळीत चिरलेले जॉ, मागची दांडी दाबली की ते नळीत ओढले जाऊन मिटतात. ही रचना मुळात अमेरिकेतल्या जुन्या, नामांकित व्हाइसवरून आलेली आहे आणि ती वाईट मुळीच नाही. पण स्वस्त नगात जॉ मऊ राहिलेले असतात आणि दोन्ही फाका सारख्या मिटत नाहीत. गुरुजींच्या व्हाइसात 14 नंबर कसाबसा राहायचा आणि 2/0 दोरा ओढताच खाली झुकायचा. झुकू नये म्हणून दांडी जोरात दाबावी, तर त्यांच्या उजव्या अंगठ्याला जुन्या मोडीनंतर जोर राहिलेला नाही. बारीक थंबस्क्रू फिरवणं तर त्यांना जमतच नाही.

दुसरी अडचण बसण्याची. बाजारातला प्रत्येक व्हाइस टेबल-खुर्ची धरून केलेला असतो. गुरुजी मांडी घालून बसतात, पुढ्यात शाळेतलं जुनं बैठं डेस्क. त्या डेस्कावर व्हाइस ठेवला की हूक जमिनीपासून पन्नासेक सेंटिमीटर वर येतो, म्हणजे जवळजवळ खांद्याच्या पातळीला. हात सतत उचललेले. चार फ्लाय बांधून झाल्या की खांदे भरून यायचे. शिवाय डेस्काची फळी उतरती, त्यामुळं बैठक घसरायची आणि शिकंज्याचा स्क्रू तिला बसायचा नाही.

बाहेरचा चांगला, फिरता व्हाइस पंधरा-वीस हजारांच्या पुढं जातो. पैशांची सोय झाली असती तरी अंगठ्याची आणि मांडीची सोय त्यात नव्हतीच. म्हणून मी त्यांना मामांकडं घेऊन गेलो.

मामांचा लेथ उद्यमबागेत. बुश, पिन, हायड्रॉलिकचे लहान पार्ट असं जॉबवर्क करतात. त्यांनी माझं ड्रॉइंग बघितलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "ओ गुरुजी, हे राहू दे. तुमचे हूक घेऊन या की सगळे. जो धरायचा तोच बघितल्याशिवाय जॉ कसा करायचा?" गुरुजींनी दुसऱ्या दिवशी डबाच आणून दिला. मामांनी प्रत्येक हुकाची तार मायक्रोमीटरनं मोजून खडूनं लेथच्या पत्र्यावर आकडे लिहिले. तिथून पुढं आम्ही हूक आधी आणि व्हाइस नंतर असंच चाललो.

जॉ

चिरलेल्या नळीची रचना आम्ही सोडली. ती नीट करायला टेपर अचूक लागतो आणि बारीक-जाड हुकांच्या एवढ्या फरकाला ती नाखूश असते. त्याऐवजी दोन पट्ट्यांचा जॉ घेतला. 60 मिलिमीटर लांब, 12 रुंद, 6 जाड अशा दोन पट्ट्या समोरासमोर. टोकापासून 18 मिलिमीटरवर एक M5 (5 मिलिमीटर जाडीचा) स्क्रू दोन्ही पट्ट्यांतून आरपार, त्याच्या मागं आणखी 36 मिलिमीटरवर एक कॅम, म्हणजे मध्य बाजूला सरकवलेली, फिरवली की उचल देणारी दांडी. कॅम फिरवला की पट्ट्यांची मागची टोकं एकमेकांपासून दूर ढकलली जातात, पुढचा स्क्रू टेकूचं काम करतो आणि पुढची टोकं मिटतात. टेकूपासून मागचं अंतर पुढच्याच्या दुप्पट, म्हणून कॅमचा जोर टोकाशी दुप्पट होऊन येतो आणि हालचाल निम्मी होते. कॅमची दांडी 10 मिलिमीटरची, 1 मिलिमीटर एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेली). अर्ध्या फेऱ्यात 2 मिलिमीटर उचल. टोकाशी त्याचा 1 मिलिमीटर उरतो, आणि हूक सोडायला-धरायला तेवढा पुरतो.

या रचनेत एक खोच आहे, ती इथं सविस्तर सांगतो, कारण घरी असा व्हाइस करणारे बहुतेक जण इथंच अडतात. दोन पट्ट्या टेकूभोवती कलतात, त्यामुळं त्यांची आतली तोंडं नेहमीच समांतर नसतात. पुढचा स्क्रू फार आवळलेला असेल तर हूक आत असताना तोंडं पुढच्या बाजूला उघडी राहतात, आणि दाब दिला की हूक बाहेर निसटतो. स्क्रू फार सैल असेल तर नुसती टोकाची कड टेकते, तार एका रेषेवर दाबली जाते आणि हूक त्या रेषेभोवती झुलतो. दोन्हीच्या मधे एकच जागा अशी असते की तारेच्या जाडीला तोंडं समांतर येतात. म्हणजे हुकाचा आकार बदलला की पुढचा स्क्रू आधी लावून घ्यायचा, मग कॅम. स्क्रूच्या डोक्याखाली पट्टी कलायला मोकळीक हवी. मामांनी भोक किंचित लांबट केलं आणि वॉशरची आतली बाजू घुमटाकार काढली. दोन्ही पट्ट्यांमधे बॉलपेनमधली स्प्रिंग टाकली, म्हणजे कॅम सोडला की जॉ आपोआप उघडतात.

पट्टीचं आतलं सगळं तोंड सपाट ठेवायचं नाही. टोकाचे 4 मिलिमीटर सोडून मागं थोडं खोल काढायचं, म्हणजे दाब टोकाशीच एकवटतो. टोकाशी प्रत्येक पट्टी 1.5 मिलिमीटर जाड आणि 3 रुंद राहिली. बारीक हूक अगदी टोकाला. जाड हुकासाठी टोकापासून जरा मागं, एका पट्टीत गोल कानशीनं काढलेली उथळ खाच. 2/0 ची तार त्या खाचेत बसते, तिथं पट्टीही जास्त जाड असते, आणि ताण नाजूक टोकावर येत नाही. ही खाच म्हणजे निमुळत्या आणि दणकट या दोन मागण्यांमधली तडजोड आहे, आणि माझ्या मते या सगळ्या व्हाइसातलं सगळ्यात शहाणपणाचं काम.

पहिली जोडी मामांनी दुकानात पडलेल्या एमएसच्या (माइल्ड स्टील, साधं मऊ पोलाद) फ्लॅटपट्टीतून केली. आकार बघण्यापुरती ती ठीक होती. हुकाची तार जास्त कार्बनच्या पोलादाची, कडक केलेली. एमएस तिच्यापुढं लोण्यासारखं. दोन-तीनदा 2/0 धरल्यावर तोंडावर तारेची रेघ उमटली, आणि नंतरचा प्रत्येक हूक त्या रेघेत जाऊन बसू लागला, हवा तसा असो वा नसो. एमएसला कडक करायचं म्हणून तापवून तेलात बुडवलं तरी उपयोग नाही, त्यात तेवढा कार्बनच नाही.

दुसरी जोडी ओएचएनएसची. तेलात कडक होणारं, वाकडं न होणारं हे टूलस्टील डाय-पंच करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातलं. एरवी मामा कडक करायचं काम बाहेर देतात, पण एवढ्याशा दोन तुकड्यांसाठी कोण भट्टी लावणार? त्यांच्या एका पोरानं गॅसच्या टॉर्चवर पट्ट्या लाल केल्या, तेलात बुडवल्या, एमरीनं घासून बसवल्या. फाइल चालेना इतक्या कडक झाल्या होत्या. गुरुजींनी 2/0 धरला, कॅम दाबला, आणि एका जॉचं टोक कट् करून उडालं. सुदैवानं ते खाली पडलं, डोळ्यात गेलं नाही.

कारणं दोन होती. टॉर्चची ज्योत टोकाकडून लावलेली. टोक बारीक, म्हणून जाड भाग लाल होईपर्यंत ते कितीतरी जास्त तापलं. जास्त तापलेल्या पोलादाचे कण मोठे होतात आणि ते ठिसूळ होतं. दुसरं म्हणजे टेंपरिंग झालंच नव्हतं. बुडवून काढलेलं ओएचएनएस काचेसारखं कडकडीत असतं. ते पुन्हा 200 ते 250 अंशांपर्यंत हळूहळू तापवून त्याचा ताठरपणा थोडा उतरवावा लागतो. कडकपणा किंचित कमी होतो, चिवटपणा येतो. हूक धरणाऱ्या बारीक टोकाला तो चिवटपणा हवाच.

तिसऱ्या जोडीच्या वेळी मी स्वतः थांबलो. ज्योत जाड भागाला लावली आणि उष्णता टोकाकडं सरकू दिली. रंगावर विसंबण्यापेक्षा चुंबक जवळ धरला: साधारण 770 अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्यापुढं थोडं, चेरीसारखा लाल रंग सगळीकडं सारखा दिसेपर्यंत, आणि मग कोमट तेलात सरळ उभं बुडवून हलवत राहायचं. काढल्यावर एक बाजू पाण्याच्या पेपरनं चकचकीत केली. मग मामांनी जाड लोखंडी तव्यात कोरडी वाळू घेतली, गॅसवर ठेवली आणि पट्ट्या वाळूवर आडव्या ठेवल्या. चकचकीत बाजूवर रंग चढताना दिसतो. आधी फिकट पेंढ्यासारखा पिवळा, मग गडद पिवळा, मग तपकिरी. तपकिरी रंग टोकापर्यंत सारखा आला, म्हणजे अंदाजे अडीचशे अंश, तशा मामांनी पट्ट्या चिमट्यानं उचलल्या. आणखी थांबलो असतो तर जांभळा आणि मग निळा आला असता, आणि टोक पुन्हा मऊ पडलं असतं. "आता बगा," मामा म्हणाले, "आता हे वाकंल पण मोडायचं नाय." त्यावर गुरुजींनी आपल्या डब्यातला प्रत्येक हूक एकेक करून धरून बघितला. तोंडावर रेघ उमटली नाही.

एक पथ्य मात्र गुरुजींना सांगितलंय. हुकाचा काटा दाबायला हे टोक वापरायचं नाही, त्याला पक्कड वेगळी. काट्याशी तार एका बिंदूवर टेकते आणि सगळा दाब टोकाच्या कोपऱ्यावर येतो. अशानं कितीही चांगला जॉ टवका सोडतो.

फिरता आस

गुरुजींना हूक फिरवायचा होता. बेडकाच्या दोन्ही बाजू बघायला, पीस एकसारख्या वेढ्यांत गुंडाळायला. नुसता मागं-पुढं कलणारा जॉ आणि खरा फिरता व्हाइस यांत फरक असतो. खऱ्या फिरत्या व्हाइसात हुकाची सरळ दांडी फिरण्याच्या आसावरच असते. व्हाइस फिरवला की हूक जागच्या जागी फिरतो, इकडंतिकडं झोके घेत नाही.

अडचण अशी की जॉ हुकाला बाकाच्या खालच्या भागात धरतो आणि दांडी त्याच्या वर असते. 14 नंबरात हे अंतर कमी, 2/0 मधे बरंच जास्त. म्हणून जॉ आसाच्या खाली न्यावा लागतो, आणि हुकागणिक कमी-जास्त. आम्ही शाफ्ट आणि जॉ यांच्यामधे झेडसारखी वाकवलेली दांडी घेतली आणि तिला लांबट खाच दिली. एक नट सैल करून जॉ वर-खाली सरकतो.

ते नीट लागलंय का हे मामांनी ज्या पद्धतीनं बघितलं ती मला फार आवडली. त्यांनी व्हाइसची शाफ्ट लेथच्या चकमधे (काम धरून फिरवणाऱ्या पकडीत) धरली, जॉमधे हूक लावला, समोरच्या टेलस्टॉकचं सेंटर, म्हणजे आसावरचं अणकुचीदार टोक, पुढं आणून हुकाच्या डोळ्याशी (दोरी बांधायच्या भोकाशी) नेलं आणि चक हातानं सावकाश फिरवला. डोळा सेंटरच्या टोकाभोवती गोल फिरत असेल तर जॉ तितका वर-खाली करायचा. डोळा टोकाशीच थांबला की दांडी आसावर आली. मग त्यांनी खाचेच्या कडेला प्रत्येक हुकासाठी रेघ मारून नंबर पंच केले. घरी लेथ नाही, पण रेघेला रेघ लावली की गुरुजींचं काम होतं.

शाफ्ट 10 मिलिमीटरची ब्राइट बार, गनमेटलच्या बुशमधे. बॉल बेअरिंग घालायचा मोह होतो, पण इथं फार हलकं फिरणं नकोच; खाली लोंबणाऱ्या दोऱ्याच्या रिळानंच जॉ फिरला तर काम करता येत नाही. बुशमधे आडवा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला स्क्रू) घेऊन त्याच्या पुढं नायलॉनचा तुकडा टाकला. तो शाफ्टवर हलका घासतो. बोटानं फिरवला तर फिरतो, सोडला तिथं थांबतो.

बैठक

बैठकीसाठी मामांनी शेजारच्या फौंड्रीतून बिडाची एक चकती आणली. 150 मिलिमीटर व्यास, 20 जाडी, वजन सुमारे अडीच किलो. टेबलावर ती चालली असती. पण मांडी घालून बसायचं, जॉ जमिनीपासून तीस-पस्तीस सेंटिमीटरवर, म्हणजे खांब उंच. चकतीची कड मध्यापासून 75 मिलिमीटरवर आणि ओढ 300 मिलिमीटर उंचीवर. हिशेब केला तर सहाशे-सव्वासहाशे ग्रॅमच्या आडव्या ओढीला ती कलंडते. चपलेच्या फोमचा बेडूक आवळताना गुरुजी त्याहून किती तरी जास्त ओढतात. दुप्पट वजनाची चकती घ्यावी तर ती उचलायची कुणी?

तोडगा गुरुजींच्या घरच्या काकूंनी काढला. त्या दारातून बघत होत्या. "विळीसारखं करा की ओ. पाटावर गुडघा ठेवला की हालतंय कुठं?" इतकं साधं, आणि आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. नारळ खवताना विळी कधी कलंडत नाही, कारण माणसाचं वजनच तिच्यावर असतं. सुताराकडून सागवानी पाट करून घेतला, खांब एका टोकाला बोल्टनं बसवला, दुसऱ्या टोकावर गुरुजींचा डावा गुडघा येतो. आता खांबाची उंची बदलता येते आणि बिडाच्या चकतीची गरजच उरली नाही. हूक छातीच्या खाली, कोपराच्या जरा वर येतो. खांद्यांची तक्रार गेली.

कॅमची मूठ 70 मिलिमीटर लांब, टोकाला बॉल नॉब. गुरुजी ती अंगठ्यानं दाबत नाहीत, तळहाताच्या खालच्या उशीनं ढकलतात. कॅम माथ्यावरून किंचित पुढं गेला की स्वतःच अडकून राहतो. पुढचा M5 स्क्रूही नर्लिंग केलेल्या (कडेला खरखरीत खाचा असलेल्या) 25 मिलिमीटरच्या मोठ्या चकतीनं फिरतो, दोन बोटांच्या बाजूंनी. अंगठा कुठंच लागत नाही.

वापरात काय दिसलं

पावसाळा संपल्यापासून हा व्हाइस वापरात आहे. जाड हूक खाचेत ठेवून, डोळ्यात दोरी बांधून आम्ही वजनकाट्यानं खाली ओढून बघितलं. गुरुजी दोरा जितका ओढतात त्याच्या कितीतरी पुढं नेलं तरी हूक हलला नाही, आधी तारच वाकू लागली. चिलापीच्या 14 नंबरला टोकाशी पुरेशी जागा मिळते. मोराच्या पिसाचे बारीक तंतू गुंडाळताना फिरत्या आसाचा खरा फायदा कळतो. वेढे एकमेकांवर चढत नाहीत. (मोराची पिसं गुरुजी घेतात ती रानात आपसूक गळलेलीच. आमच्या रानात रानकोंबडाही आहे, त्याच्या मानेच्या पिसांना या छंदात जगभर मागणी होती. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पक्षी संरक्षित आहे, आणि त्याच्या पिसाला हात लावायचा नाही. गावठी कोंबड्याच्या मानेचं पीस घ्या. गुरुजींच्या बेडकाला शेळीचे केस आणि चपलेचा फोम पुरतो.) दोऱ्याचं रीळही गुरुजींनी वडगावच्या एका मागवाल्याकडून आणलेल्या कांडीवर बसवलंय.

दोन उणिवा राहिल्या आहेत. 16 किंवा त्याहून बारीक हूक या जॉमधे धरला तर टोकाची 3 मिलिमीटर रुंदी बाकाच्या आत जास्त जागा खाते आणि दोऱ्याला अडचण होते. आणि झेडच्या दांडीचा नट हुकाचा आकार बदलताना पान्यानंच सोडावा लागतो, तिथंही एखादी मूठ हवी होती. बारीक हुकांसाठी मामा आता दुसरी जोडी करताहेत: टोकाशी 1.5 मिलिमीटर रुंद, 1 मिलिमीटर जाड, खाच नाही. 14 नंबरापेक्षा मोठा हूक त्यात धरायचा नाही हे जॉवरच पंच करून ठेवणार आहेत. M5 चं भोक आणि कॅमची जागा तीच ठेवली आहे, म्हणजे एक स्क्रू काढून जोडी बदलता येईल.

कुणाला असा व्हाइस आपल्या गावच्या लेथवर करून घ्यायचा असेल तर कागदाबरोबर आपले सगळे हूक घेऊन जा, सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड दोन्ही. पट्टी ओएचएनएसची मागा, कडक केल्यावर टेंपर केलं का ते तोंडावर विचारा, आणि पहिल्यांदा 2/0 धरताना डोळ्यांवर चष्मा असू द्या.